विचारांचे स्वराज्य : कृष्णचंद्र भट्टाचार्य यांची ओळख

मागे एकदा कामानिमित्त शहादे तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीला मुक्काम पडला होता. संध्याकाळी ओट्यावर चारदोन मंडळी जमली होती. बोलता बोलता मी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचा विषय काढला. तेव्हा एका वयस्क शेतकरीदादांनी विचारले, "तठे कोणता देव शे, सर?" दोघे-तिघे तरुण हसले. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न सरळ होता. मंदिर म्हटले म्हणजे देव आलाच. मी म्हणालो, "दादा, तेथे दर्शनशास्त्राचे उच्च संशोधन होत असे." दादांनी सभ्यपणे मान हलवली आणि विषय पावसावर गेला.

श्रोतेहो, त्या संध्याकाळी माझे उत्तर खोटे नव्हते, पण ते पोहोचले नाही. पोहोचले नाही याचा दोष दादांचा, की माझा? या प्रश्नाचे फार मार्मिक उत्तर एका तत्त्वज्ञाने दिलेले आहे, आणि योगायोग असा की त्यांचे नाव याच अमळनेरशी जोडलेले आहे. त्यांचे नाव कृष्णचंद्र भट्टाचार्य. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक त्यांना आधुनिक भारतातल्या पहिल्या प्रतीच्या विचारवंतांत गणतात. पण ज्या खानदेशातून त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेथे त्यांचे नाव ऐकलेली माणसे बोटांवर मोजावी लागतील. म्हणून आज त्यांची थोडी ओळख करून घेऊ.

कृष्णचंद्रांचा जन्म १८७५ साली बंगालमधल्या श्रीरामपूर येथे झाला. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे बरे का! हुगळी नदीकाठचे, ज्याला इंग्रज सेरामपूर म्हणत, ते हे गाव. आपल्यालाही ते अगदीच परके नाही. विल्यम केरी या पाद्र्याने लिहिलेले मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली तेथेच छापले गेले. कृष्णचंद्र कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले. त्या विद्यापीठातली मानाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे बंगालच्या सरकारी शिक्षणखात्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले आणि १९३० साली ते सेवानिवृत्त झाले.

आता अमळनेरची गोष्ट. बोरी नदीच्या काठचे हे गाव सखाराम महाराजांच्या वारीमुळे आणि प्रताप मिलमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्या मिलचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. गिरणीच्या पैशातून शंकराचार्यांच्या आणि कांटच्या अभ्यासाची सोय व्हावी, ही कल्पनाच केवढी मोठी! घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती असे पुढे नावाजलेले विद्वान तेथे काम करून गेले. तेथून निघणारे इंग्रजी त्रैमासिक परदेशातही वाचले जाई. साने गुरुजींनी याच मंदिरात काही काळ अध्ययन केले आणि नंतर ते १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते.

या तत्त्वज्ञान मंदिराने १९३० साली कृष्णचंद्रांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'ज्ञाता हेच स्वातंत्र्य'. नंतर १९३३ ते १९३५ च्या सुमारास ते स्वतः येथे संचालक म्हणून राहिले. पुढे कलकत्ता विद्यापीठात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १९४९ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे बाकीचे निबंध त्यांचे चिरंजीव गोपीनाथ यांनी १९५६ आणि १९५८ साली दोन खंडांत छापले.

एवढा मोठा माणूस लोकांना माहीत का झाला नाही? एक कारण त्यांची लेखनशैली. जुन्या सूत्रकारांसारखे ते एका वाक्यात एका पानाचा मजकूर कोंबतात. उदाहरण नाही, दृष्टान्त नाही, गोष्ट नाही. चांगला जाणकारही एकेका परिच्छेदाशी तासन् तास अडतो. पण ओल्या नारळाचे कवच कठीण म्हणून आपण खोबरे टाकून देत नाही. त्यातले दोन तुकडे आपण फोडून पाहू.

पहिला तुकडा त्या अमळनेरच्या ग्रंथातला. शिक्षकांना रोजचा अनुभव आहे, म्हणून हजेरीचे उदाहरण घेऊ. समजा, आपण वर्गात विचारले, "फळ्यावर हे कोणी लिहिले?" आणि मागून आवाज आला, "मी." आता 'फळा' या शब्दाचा अर्थ वर्गातल्या चाळीसही मुलांना सारखाच. बोट दाखवले की झाले. पण 'मी' या शब्दाचा अर्थ? प्रत्येक मूल तोच शब्द उच्चारते आणि प्रत्येकाचा 'मी' निराळा. दुसऱ्याचा 'मी' ऐकून मला फक्त 'तो' कळतो. त्याला आतून जे जाणवते ते मला बोट दाखवून सापडत नाही. कृष्णचंद्र म्हणतात, जगातल्या सर्व गोष्टी आपल्या समोर असतात, त्यांच्याकडे बोट दाखवता येते. मात्र जाणणारा जो 'मी', तो कधीच समोर येत नाही. त्याची वस्तू करता येत नाही. आणि वस्तू होत नाही, हेच त्याचे स्वातंत्र्य.

हे एकदम पटत नाही. म्हणून ते पायरीपायरीने वर नेतात. माणूस प्रथम म्हणतो, हे शरीर म्हणजे मी. पण डोळे मिटले तरी शरीर आतून जाणवते. म्हणजे दिसणारे शरीर निराळे आणि जाणवणारे निराळे. त्याच्याही पुढे ते एक सुंदर जागा दाखवतात. शेतकऱ्याचा बैल हरवला आहे. तो गोठ्यात येतो, खुंटा पाहतो, दावे पाहतो, आणि त्याला कळते, 'बैल नाही.' आता खुंटा डोळ्यांना दिसला, दावे दिसले. पण 'नाही' हे कोणत्या डोळ्याला दिसले? अनोळखी पाहुणा त्याच गोठ्यात उभा राहिला तर त्याला फक्त खुंटा दिसेल. 'नाही' दिसायला बैलाची ओळख असलेला, वाट पाहणारा कोणीतरी हवा. म्हणजे समोर जे आहे त्याला चिकटून न राहता त्यापासून किंचित मागे सरकण्याची शक्ती माणसात आहे. तेथून पुढे कल्पना, विचार, भावना, आत्मनिरीक्षण अशा पायऱ्या येतात. प्रत्येक पायरीवर 'मी' एकेका गोष्टीतून मोकळा होत जातो.

आपल्या नैयायिकांनी 'अभाव' या गोष्टीचा शेकडो वर्षे काथ्याकूट केला. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने सांगितले की आत्मा मानावा लागतो, पण जाणता येत नाही. कृष्णचंद्रांनी या दोन्ही बाजू तितक्याच आदराने ऐकल्या. कांटला त्यांनी विचारले, आत्मा वस्तूसारखा जाणता येत नाही हे कबूल. पण अनुभवण्याचा दुसरा मार्गच नाही, हे कशावरून? येथे एक भारतीय माणूस युरोपातल्या सर्वांत मोठ्या पंडिताशी बरोबरीने बोलतो आहे. तो त्याची हांजी हांजी करीत नाही आणि त्याला शिव्याही देत नाही. हे लक्षात ठेवा, कारण दुसरा तुकडा याच्याशीच निगडित आहे.

हा दुसरा तुकडा म्हणजे त्यांचे एक छोटेसे व्याख्यान. विषय, 'विचारांतले स्वराज्य'. १९३० च्या आगेमागे त्यांनी ते दिले. छापून आले मात्र ते मृत्यूनंतर, १९५४ साली, विश्वभारतीच्या त्रैमासिकात. त्या काळात स्वराज्याचा शब्द घरोघर होता. कृष्णचंद्रांनी त्यात एक अवघड प्रश्न घातला. राज्य परक्याचे असले की ते कळते, टोचते. पण विचारच परक्याचे असले तर ते टोचत नाहीत. ते आपलेच वाटतात. म्हणून ही गुलामी अधिक खोल असते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे परदेशी विचार घ्यायचेच नाहीत का? नाही, तसे ते म्हणत नाहीत. परक्याचा विचार घेणे पुष्कळदा जरुरीचे असते, असे ते स्पष्ट सांगतात. गुलामी कोठे सुरू होते? जेथे जुन्या आणि नव्या विचाराची तुलनाच होत नाही, कुस्तीच होत नाही, आणि नवा विचार जुन्याच्या जागी मुकाट्याने येऊन बसतो, तेथे. मग तो माणसाला भुतासारखा धरतो. माणूस बोलतो, लिहितो, परीक्षा पास होतो. पण त्याच्या आत खऱ्या मनाऐवजी मनाची सावली काम करीत असते.

माझीच गोष्ट सांगतो. बी.ए.च्या परीक्षेत कांटच्या नीतिशास्त्रावर मी सहा पाने लिहिली. गुणही चांगले पडले. घरी आल्यावर आईने विचारले, "काय लिहिलंस रे एवढं?" मी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. आईच्या भाषेत एक वाक्य मला जुळवता येईना. तेव्हा वाटले, आईला कळणार नाही. कृष्णचंद्र वाचल्यावर उमगले की कळले नव्हते ते मला. ब्राह्मणपुरीच्या ओट्यावर तेच पुन्हा घडले.

या रोगावर त्यांनी औषधही सांगितले आहे, आणि ते फुकटचे आहे. बाहेरून आलेला विचार स्वीकारण्यापूर्वी किंवा झिडकारण्यापूर्वी तो आपल्या कल्पनांत, आपल्या भाषेत उतरवून पाहा. नुसता शब्दाला शब्द ठेवून नव्हे. आपल्याकडे त्याच्याजवळचे काय आहे, कोठे जुळते, कोठे अडते, हे तपासून.

उदाहरण सहकाराचे घेऊ. सहकारी संस्थेची आजची पद्धत विलायतेची. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली विणकरांनी आणि कारागिरांनी एकत्र येऊन दुकान काढले, ते तिचे एक मूळ. आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला. पण कोठे इर्जिक, कोठे सावड अशा नावांनी एकमेकांच्या शेतात राबण्याची रीत आपल्या खेड्यांत जुनी आहे. ज्या गावाने सहकाराची सावडीशी गाठ घालून पाहिली, त्याला दोन गोष्टी कळतात. एक, हा विचार आपल्याला अगदीच नवा नाही. दुसरी, त्यात नवेही काही आहे: लेखी हिशेब, एका माणसाला एक मत, जातगोत न पाहता सभासद. सावडीत हे नव्हते. अशी तुलना जेथे होते तेथे सहकार गावाचा होतो. जेथे होत नाही, तेथे सोसायटी म्हणजे अंगठा उठवायचे ऑफिस एवढाच अर्थ उरतो.

येथे कृष्णचंद्रांची एक ताकीद विसरता कामा नये. जुने ते सर्व सोने, असा फुकाचा अभिमानही त्यांना मान्य नाही. परदेशी विचार आपल्याच आदर्शाला अधिक साधे, अधिक खोल रूप देत असेल, तर केवळ परका म्हणून तो नाकारणे चूक आहे, असे ते म्हणतात. गुरू खरा असेल तर तो कोणत्याही समाजातून येवो, त्याला गुरू मानावे. त्यांची तक्रार दोघांविरुद्ध आहे: पश्चिमेने आपल्याविषयी जे म्हटले ते पाठ म्हणणाऱ्यांविरुद्ध, आणि त्याचा नुसताच राग करणाऱ्यांविरुद्ध. स्वतः तोलून पाहिलेले मत दोघांजवळही नसते.

एक आक्षेप मात्र उरतो, आणि तो खरा आहे. विचारांच्या स्वराज्याचे हे व्याख्यान कृष्णचंद्रांनी दिले ते इंग्रजीत! त्यांचा ग्रंथही इंग्रजीतच. अमळनेरात राहून लिहिणारा तत्त्वज्ञ अमळनेरच्या बाजारात कोणाला कळला नाही. शिकलेली मंडळी सामान्य जनतेपासून तुटत चालली आहेत आणि त्यांनी परत वळले पाहिजे, हे त्यांनी स्वतःच म्हटले होते. ते वळण त्यांच्या लेखणीला पुरते घेता आले नाही.

पण त्याच दिवसांत, अमळनेरपासून जवळच असलेल्या धुळ्यात काय घडले पाहा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी राजबंद्यांपुढे गीतेवर मराठीत बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरून घेत होते. त्यातून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ झाला. ऐकणाऱ्यांत शिकलेले होते, तसे साधे शेतकरी-कामकरीही होते. कृष्णचंद्रांनी ज्याची तर्कशुद्ध मांडणी केली, त्याचा एक नमुना शेजारच्या जिल्ह्यात तुरुंगाच्या भिंतीआड तयार होत होता. तत्त्वज्ञान मंदिरात शिकलेले साने गुरुजी दोन्हीकडचे साक्षीदार होते. दोहोंची गरज असते. एकाने वजनाचा काटा दिला, दुसऱ्याने माल मापून घरोघर पोहोचवला.

आता शिक्षकबंधुभगिनींना एक नाजूक गोष्ट सांगायची आहे. इंग्रजीने आपले मन झाकोळले, ही तक्रार आपण मराठी माणसे नेहमी करतो. पण शहादे, तळोदे, अक्कलकुवा, धडगाव या भागातल्या आपल्या वर्गात बसलेले मूल घरी काय बोलते? कोणी भिली, कोणी पावरी, कोणी गुजरी, कोणी अहिराणी. ते शाळेत येते तेव्हा त्याच्यापुढे पुस्तकी मराठी येते. त्याने वहीत 'आंडेर' लिहिले की आपण लाल शाईने खोडून 'मुलगी' लिहितो. दुरुस्ती बरोबर आहे. मराठी त्याला आलीच पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे. पण त्या लाल रेघेने त्याला आपण काय शिकवले? 'आंडेर' आणि 'मुलगी' हे दोन शब्द शेजारी ठेवून तुलना करायला शिकवले, की घरचा शब्द लाजेने गिळून टाकायला? पहिले असेल तर ते शिक्षण. दुसरे असेल तर कृष्णचंद्र ज्याला विचारांची गुलामी म्हणतात तिचा पहिला धडा आपणच गिरवून घेतला, आणि तोही आपल्या गोड मराठीत.

असे मूल पुढे हुशार निघते, पाठांतर चांगले करते, बक्षिसे मिळवते. फक्त प्रश्न विचारत नाही. कारण प्रश्न घरच्या भाषेत उठतो, आणि ती भाषा शाळेच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवायची, हे त्याला पहिलीतच कळलेले असते.

यावर उपाय मोठा नाही, खर्चाचा नाही. धडा शिकवून झाला की आठवड्यातून एकदा मुलांना म्हणा, "हे आज घरी जाऊन आजीला तुमच्या बोलीत सांगा आणि आजी काय म्हणाली ते उद्या वर्गात सांगा." बाष्पीभवनाचा धडा असो, ग्रामपंचायतीचा असो की लोकशाहीचा. जे मूल आजीला सांगू शकले, त्याला धडा कळला. जे अडले, ते कोठे अडले तेथेच तुमचा उद्याचा पाठ आहे. आणि कधी कधी आजीच असा प्रश्न धाडील की गुरुजींना पुस्तक पुन्हा उघडावे लागेल. तसे झाले तर वाईट वाटून घेऊ नका. कृष्णचंद्रांना हवी असलेली तुलना तुमच्या वर्गात सुरू झाली, असे समजा.

अमळनेरची ती संस्था पुढे प्रताप तत्त्वज्ञान केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. १९७३ पासून तिच्या जुन्या त्रैमासिकाचा वारसा पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने नव्या नावाने पुढे चालवला आणि १९८४ साली त्याचा एक खास अंक 'विचारांतले स्वराज्य' या व्याख्यानाच्या चर्चेसाठी काढला. इतक्या वर्षांनी विद्वानांना त्या थोड्या पानांकडे परत यावेसे वाटले, यातच त्यांचे मोल दिसते.

राहता राहिला ब्राह्मणपुरीच्या दादांचा प्रश्न. तठे कोणता देव शे? आज ते पुन्हा भेटले तर मी दर्शनशास्त्र, संशोधन असले शब्द काढणार नाही. म्हणेन, "दादा, गोठ्यात खुंटा दिसतो तो डोळ्यांना. पण बैल नाही, हे ज्याला कळतं, तो कोण? त्याचा तिथं शोध घेत होते." एवढे सांगून गप्प बसेन आणि दादा काय म्हणतात ते ऐकेन. कदाचित ते म्हणतील की हे आम्हाला भजनातून ठाऊकच आहे. कदाचित म्हणतील, चूक आहे. दोन्हीपैकी काहीही म्हणाले, तरी या खेपेला बोलणे पावसावर जाणार नाही, अशी मला आशा आहे.